गादीतला अडकित्ता

क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप वच्छलाआक्का,

धाकट्या गोकुळचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा तो कागदावरच मानून घ्या). तुमचे गुडघे कसे आहेत? देवगावात कापूस वेचून झाला का? आम्ही दिल्लीहून सुखरूप परतलो. तुमची भाची रूपा बुद्धिबळात तिसरी आली. कौतुक नंतर, आधी भांडण.

जाताना चिकलठाण्याच्या विमानतळावर रूपाची व्हीलचेअर तपासायला घेतली, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं की सामान मी स्वतः भरलंय, काळजी नसावी. तिच्या पायातल्या लोखंडी कॅलिपरमुळे यंत्र ओरडलं, तर मी तिची जन्मापासूनची ऑपरेशनं सांगायला लागलो (कुणी विचारली नव्हती, मागची रांग शेंद्र्यापर्यंत गेली असेल). तेवढ्यात वर्दीतल्या बाईंनी खुर्चीच्या गादीची चेन उघडून तुम्ही लपवलेला अडकित्ता बाहेर काढला. आक्का, लोखंड जवळ असलं की नजर लागत नाही हे मान्य, पण वर्दीला ते कसं पटवायचं? विमानाची शेवटची घोषणा झाली आणि मी घाम पुसत सुपारीचं महत्त्व सांगत होतो. मी सुपारी खात नाही, हेही मीच सांगून टाकलं. शेवटी कंटाळून बाईंनी मला विचारलं, मुलीला बोलता येतं का?

रूपा म्हणाली, "येतं की. पण मला कुणी विचारतच नाय."

बाई ओशाळल्या. खाली बसून तिच्याशी बोलल्या. पोरीनं आत्यानं काय ठेवलं, कशासाठी ठेवलं ते दोन वाक्यांत सांगितलं. अडकित्ता ठेवून घ्या, पण आम्हाला जाऊ द्या, असंही. झालं, सुटलो. (गादीत काहीतरी टोचतंय, असं ती घरी मला दोनदा म्हणाली होती. मी तिला गप बसवलं होतं. त्याची मला फार लाज वाटली.)

तुमचा,
गोकुळ

ता. क. पुढची स्पर्धा हैदराबादला आहे. रूपाला संघाबरोबर जायचंय, माझ्याशिवाय. मी नाही म्हटलं. चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही.

आणखी एक ता. क. माझं चुकलं हे मला कळतं, पण हो म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही फोन करून मला चांगलं फैलावर घ्या, म्हणजे थोरल्या बहिणीचा शब्द मोडवेना असं सांगून मी हो म्हणेन. रविवारच्या आत करा. तिच्या परवानगीचा फॉर्म सही करून चार दिवस माझ्या खिशातच आहे.