इंदूरचा नॉर्मल पुरुष

सोमवार, ६ जानेवारी

सरांच्या डोक्यात नवं खूळ. लॅबची स्वतःची नॉर्मल रेंज हवी! इतके दिवस मशीनच्या कंपनीने दिलेले आकडेच आम्ही पुरुषांच्या हार्मोनच्या रिपोर्टवर छापत आलो. ते म्हणे परदेशातल्या लोकांच्या रक्तावरून काढलेले. "मंजिरी, इंदौर का आदमी अलग चीज है," लक्ष्मीकांत सर म्हणाले. एरवी मराठी बोलतात, पण काही थोर सुचलं की हिंदीत शिरतात.

तर आता सव्वाशे निरोगी पुरुष गोळा करायचे, सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, टेस्टोस्टेरॉन मोजायचं, दोन्ही टोकांचे थोडे सोडायचे आणि मधल्यांना नॉर्मल म्हणायचं. काम अर्थात माझ्या गळ्यात. आमच्या लॅबच्या या विजय नगरात सव्वाशे निरोगी पुरुष — बघू या.

गुरुवार, ९ जानेवारी

उपाशी राहणं या गावाला जमत नाही. आज आलेल्या निम्म्यांच्या मिशीत शेव!

"कुछ खाया?"

"नहीं मैडम, बस पोहे."

पोहे हे खाणं नव्हे. जिलबी तर मुळीच नव्हे, ती कुणा भियाने, म्हणजे दोस्ताने, जबरदस्तीने भरवलेली असते. खाल्लं की आकडा खाली घसरतो, म्हणून सगळ्यांना परत पाठवलं. सर म्हणतात, चालवून घे, सगळेच पोहे खाऊन येतात तर तेच इथलं नॉर्मल. मी नाही चालवून घेतलं. आता लॅबभर माझं नाव पोहा-पुलिस.

रविवार, १२ जानेवारी

सासूबाईंबरोबर पुन्हा खजरान्याच्या देवळात. गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायचा, मूल झालं की येऊन सुलटा करायचा. सहा वर्षांत मी इतके उलटे काढलेत की आता सुलटा काढायला सांगितला तर चुकेन.

माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. हार्मोन बिघडलेले, पाळीचा पत्ता नाही, हनुवटीवर केस. लग्नाआधी यातलं काहीच नव्हतं. सासूबाई म्हणतात, "तुझ्या माहेरचंच असणार गं." नाशकात कुठल्या मावशीला दाढी होती ते त्यांनाच ठाऊक.

नवऱ्याची, अनीशची, एकही तपासणी नाही. "मला काय झालंय यार? मी तर एकदम फिट." आणि आज जेवताना मी सरांचं खूळ सांगितलं तर लगेच ताट बाजूला सारून म्हणतो, "नॉर्मल माणसं पाहिजे ना? मग मी येतो ना." बायकोने सहा वर्षं तपासून घे म्हटलं तर नाही, नॉर्मल म्हणून बोलावलं की नवरदेव तयार!

मी लगेच शुक्रवारची सकाळ ठरवून टाकली. उगाच विचार बदलला तर?

शुक्रवार, १७ जानेवारी

अनीश आला. इस्त्रीचा शर्ट घालून. रक्त द्यायला!

"काही खाल्लंस?"

"काहीच नाही. बस, आईचं दूध."

म्हणजे चूर्णाचं दूध. लग्न झाल्यापासून सासूबाई त्याला रोज देतात, कुणा गावाकडच्या वैद्याचं, ताकदीचं म्हणून. हेही पोह्यांच्याच जातीचं, खाल्लेल्यात धरत नाहीत. दुसरा कुणी असता तर परत पाठवला असता. याला परत पाठवलं तर पुन्हा येईल याचा भरवसा नाही. घेतलं रक्त. पोहा-पुलिसने नियम मोडला.

सोमवार, २० जानेवारी

अनीशचं टेस्टोस्टेरॉन सगळ्यांच्या वर! सर खूश. "ये हुआ ना इंदौर का आदमी!" अनीशने घरच्या ग्रुपवर आकडा टाकला. सासूबाईंनी मीठमोहरी ओवाळून त्याची दृष्ट काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याचं तर बिल्कुल बरोबर आहे. आता तू तुझं बघ."

बाथरूममध्ये जाऊन रडले. लिहायलाही लाज वाटते.

मंगळवार, २१ जानेवारी

त्याच रक्तातला दुसरा आकडा आज आला. एलएच. मेंदू शरीराला हुकूम देतो, टेस्टोस्टेरॉन बनव, तो हा हुकूम. अनीशचा जवळजवळ शून्य. हुकूमच नाही आणि माल गोदाम फुटेपर्यंत!

मग माल बाहेरून येतोय. आणि बाहेरून आला की आतला कारखाना बंद पडतो, त्याबरोबर शुक्राणूही.

ते चूर्ण. दुसरं काही तो घेतच नाही. मी भिंतीवर साथिये काढत होते आणि सासूबाई रोज सकाळी दुधात चमचा ढवळत होत्या. इतका राग आला की तडक घरी गेले. डब्यातलं थोडं चूर्ण काढून सरांकडे दिलं. ते औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवणार आहेत.

बुधवार, २९ जानेवारी

निघालंच. जडीबुटी नावाला, आत शुद्ध पुरुषी हार्मोन.

घरी दोघांना समोर बसवून सांगितलं. अनीशने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज कमी केला. टीव्ही बंद होता. मग म्हणाला, "म्हणजे मी नॉर्मल नाहीये?" सहा वर्षं जो प्रश्न मला विचारला जात होता तो त्याला एका संध्याकाळीच झेपेना. चूर्ण सोडलं की काही महिन्यांत बहुतेकांचं पूर्ववत होतं, हेही सांगितलं. ते त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

सासूबाई डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "मी तर त्याच्या भल्यासाठी देत होते गं." एक झणझणीत वाक्य मी आठवडाभर तयार ठेवलं होतं. त्यांचा चेहरा बघून बोलवेना. उद्यापासून अनीशला साधं दूध, असं त्यांनी देवापुढे कबूल केलं.

झोपताना हलकं वाटलं. निदान दोष माझ्या एकटीचा नव्हता.

शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंनी नेहमीसारखा चहा हातात दिला. या घरात आल्यापासून माझा चहा त्याच करतात, आलं-वेलची घालून, घट्ट. शेजारी बसल्या. आवाज एकदम मऊ. "अनीशचं बंद केलं हो मी. पण तुझं चूर्ण चालू ठेवू ना? वैद्यजी म्हणाले होते, जोडीनं घ्यायचं असतं. तू नाही म्हटलं असतं, म्हणून चहातूनच देत होते."

कप अर्धा झाला होता. हात आपोआप हनुवटीवर गेला.