लेकीच्या लॅपटॉपला चिलखत

३ मार्च
कन्येच्या लॅपटॉपचं झाकण बघवत नाही. चांगलं ॲल्युमिनियमचं, पण ओरखडे असे की घरात मांजर आहे की काय वाटावं. शुक्रवारी तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. पहिल्या नोकरीचा! बापाने हातावर हात ठेवून बसायचं? छे! पारदर्शक लॅकरचा स्प्रे आणलाय. पत्र्याला चिलखत चढवणार. सरप्राइज.

३ मार्च, संध्याकाळ
आधी पॉलिश पेपरने घासलं, म्हणजे कोटिंग नीट धरतं. ओरखडे गेले. कंपनीचा लोगोही गेला. सुटसुटीत दिसतो आता.

४ मार्च
पहिला हात दिला. कीबोर्डवर काही उडू नये म्हणून लॅपटॉप मिटूनच फवारला. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. बायकोने विचारलं, गॅलरीत कसला वास? म्हटलं, प्रगतीचा.
एक चिलट चिकटलंय.

५ मार्च
चिलट काढताना बोटाचा ठसा उमटला. ठसा झाकायला दुसरा हात. तो ओघळला. ओघळ झाकायला तिसरा. कडांना सढळ हाताने दिलं, कारण मार कडांनाच बसतो. तेवढ्यात कन्येने पाहिलं. घर डोक्यावर घेतलं. उद्या वाळल्यावर स्वतःच थँक्यू म्हणेल.

६ मार्च, सकाळ
वाळलाय. दगड झालाय नुसता! फक्त उघडत नाही.
कडेच्या लॅकरने झाकण आणि खालचा भाग एकजीव केलाय. म्हणजे माल अस्सल. बायकोने सुरी घातली. सुरी वाकली. कन्या रडायला लागली. मलाही भडभडून आलं, पण कुणीतरी खंबीर राहायला हवं. इंटरव्ह्यूसाठी बायकोचा फोन लॅकरच्या डब्याला टेकवून उभा केला. आयडिया माझीच.

६ मार्च, दुपार
दाराला कान लावून ऐकलं. त्यांनी विचारलं, अवघड माणसाला सांभाळायचा काही अनुभव? कन्या म्हणाली, सकाळपासून तेच करतेय. मग सगळी हकिगत सांगितली, अगदी चिलटासकट. पलीकडे हसून हसून मुरकुंडी. माझ्या कामाचा बोलबाला व्हायला लागला म्हणायचं.

९ मार्च
निवड झाली! ग्राहकांच्या तक्रारी हाताळायचं काम आहे. अनुभव कुणी दिला, हे मी बोलून दाखवत नाही. कन्येने मिठी मारली. डोळे भरून आले माझे. ऑफिसचा कोरा लॅपटॉप गुरुवारी घरी येतोय. हात शिवशिवताहेत.

१० मार्च
नेमकं गुरुवारीच मेहुण्याने दिवसभरासाठी बोलावलंय. बायकोचा सख्खा भाऊ, पण इतक्या वर्षांत साधा चहा विचारला नव्हता. म्हणाला, भावोजी, स्प्रे, पॉलिश पेपर सगळं घेऊन या, आणि आमच्याकडेच राहू द्या. बायको म्हणाली, अवश्य जा. कन्येने तर जायची गाडीसुद्धा सांगून ठेवली.
शेवटी माणसाची कदर घराबाहेरच होते.