मुक्ताने पाठ केलेलं गाव

शुक्रवार, संध्याकाळ. इब्रामपूर.

म्हापशाच्या बाजारातून आले ती पायांचे तुकडे पडलेले. तेवढ्यात अमेरिकेतून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल. व्हिसा केव्हाच संपलाय, त्याला नि भावजयीला तिथले पोलीस कधीही उचलतील. "आमका पकडल्यानी तर मुक्ताक तूच सांभाळ गो ताय."

एवढीशी पोर त्यांची. कुठे जायचंय असं कुणी विचारलं तर सांगता यावं, म्हणून दोघं आत्याचं, म्हणजे माझं, गाव तिच्याकडून पाठ करून घेत होते. ती म्हणे, "अब्रामपूर." अगो, इब्रामपूर! मीही हट्टाने सुधारत बसले, शाळेचा धडा असल्यासारखी. तिला गंमत वाटत होती. शेवटी अगदी स्वच्छ म्हणाली, "इब्रामपूर!"

भावजय तोंड फिरवून उठून गेली.

मुक्ता शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली.