नवऱ्याच्या मागची पेन्शन

३ फेब्रु., मंगळ.
डाव्या हाताने लिहितेय, अक्षर कोंबडीचं. उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं. मोडलं म्हणजे दिराने, विलासने मोडलं.
घाटकोपरला गेले होते, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागायला. त्याच्या कंपनीतले पाटकर बाजारात माझ्याकडे मासळी घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तो गेला तरी त्याची पेन्शन तुमची. विचारा तरी." म्हणून गेले. नवऱ्याला सोडल्यावर बारा वर्षांनी त्या खोलीत पाय ठेवला.
विलासने दाखला नाही दिला. स्टॅम्पपेपर पुढे केला, 'मला काही नको' लिहिलेला. "सही कर गो, न्हायतर बोटां मोडतलंय." मी नाही म्हटलं. सुरेखा, त्याची बायको, शेगडीशी उभी. वळलीसुद्धा नाही.
एक बोट मोडल्यावर सही केली.

५ फेब्रु.
आई म्हणते, त्या मेल्याचा काय नको आपल्याला. नवऱ्याने मारलं त्या कानाने मला अजून ऐकू येत नाही. आईला म्हटलं, म्हणूनच पाहिजे.

९ फेब्रु., सोम.
पेन्शनचं ऑफिस. दोन तास रांग. खिडकीतली बाई तुसडी वाटली, पण नीट सांगत होती.
"घटस्फोट झालाय?" नाही.
"दुसरं लग्न?" नाही.
"मग विधवा तुम्हीच."
विधवा. त्याच्यासाठी टिकली काढली नव्हती मी.
स्टॅम्पपेपरचं सांगितलं. ती म्हणाली, "बायको असताना भावाला पेन्शन मिळत नाही हो. तुम्ही सही करा नाहीतर करू नका." दाखल्याची प्रत पालिकेत मिळेल म्हणाली. आणि तुमच्या स्वतःच्या पगारातून कुठे दहा वर्षं पेन्शनचं कापलं गेलं असेल तर तेही बघा, म्हणाली. माझं कुठलं? मी मासळी विकते.
हसायलाच आलं. रांगेतले बघायला लागले. ज्याच्यासाठी बोट गेलं ते त्याला मिळणारच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

१० फेब्रु.
विलासला फोन करून सांगितलं. गप्प बसायला हवं होतं. "खोटा बोलतस! पैशे दिलंस थंय ऑफिसात!" आणि शिव्या. कापून टाकीन म्हणाला.

१२ फेब्रु., गुरु.
आला. सकाळी अकरा, बाजार भरलेला. लाथेने पाटी उडवली, बांगडे गटारात. केसांना धरून ओढलं मला, ओट्याचा कोपरा कपाळाला लागला. डोळ्यात रक्त. डाव्या हाताला मासळीचा कोयता लागला, उचलला.
पाठ मारली, धार नाही. खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला, चांगल्या कानाने ऐकला.
तो खाली पडला तरी अजून एक मारला. त्याची गरज नव्हती. बरं वाटलं. खरं आहे ते लिहून ठेवते.
पोलिसांनी दोघांची तक्रार घेतली. मला सहा टाके.

१३ फेब्रु.
पालिकेतून दाखला काढला. पेन्शनच्या खिडकीत फॉर्म भरून दिला. "नाते" समोर "पत्नी" लिहिताना हात थांबला. बाई म्हणाली, "लिहा, लिहा." वेळ लागेल म्हणाली.

१८ फेब्रु., बुध.
दुपारी दारात सुरेखा. ओठ फाटलेला, दोन दात हलतायत. विलासचा एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्याने मारलं.
"तुम्ही त्याला मारलंत, वहिनी. त्याने मला."
माझ्या हातचं तिच्या तोंडावर निघालं.
तिला भात मऊ करून दिला, चावता येत नव्हतं. जेवता जेवता म्हणाली, "मुलुंडला औषधांच्या पॅकिंगला होते ना मी, अकरा वर्षं. पगारातून कापायचे. ते कुठे जातं?"
मी खिडकीतल्या बाईचं सांगितलं, दहा वर्षांचं. ती बोटांवर वर्षं मोजायला लागली. दोनदा मोजली.
"त्याला नाही ना मिळणार?"
"तू जिवंत असताना नाही."
बोलून गेले आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.
उद्या दोघी पेन्शनच्या ऑफिसात जाणार, नऊला. आई म्हणते, हिला ठेवलीस तर तो इथे येईल. सुरेखा आत झोपलीय, अंगावर माझी चादर. दाराला दोन्ही कड्या घातल्या मी.