दरबार हॉलची तुळई

मंगळवार, संध्याकाळी सहा

आमचं छोटं कलासंग्रहालय जुन्या राजवाड्यात वाढवायचं म्हणून वर्षभर मीच धावपळ केली. रविवारी उद्घाटन. दरबार हॉलमध्ये आमच्या तांड्यावरच्या चाळीस बाया आपला कशिदा घेऊन बसणार, त्यांत माझी आईही.

आज दुपारी आमचे सुतार गफूरचाचा तिथं शिडीवर चढून चित्रं टांगायचे आकडे लावत होते. सहज त्यांनी मधल्या तुळईवर हातोडी मारली. आवाज पोकळ आला.

"मॅडम, वाळवीनं आतून खाल्ली हिला," ते खाली उतरून म्हणाले. "वरून रंग बराबर हाय, आत काहीच न्हाई."

आणि इमारत सुरक्षित असल्याच्या कागदावर सही माझी. काहून केली मी? इंजिनिअर खालूनच बघून हो म्हणाला, मी विसंबले. शिडी चढायला मला काय झालं होतं?

संग्रहालयाच्या संचालक साहेबांना फोन केला. "एका दिवसात काही पडत नाही," ते म्हणाले. "नोकरी अजून कच्ची आहे तुमची, जपून."

तो पोकळ आवाज कानातून जात नाही. बायांची पहिली रांग बरोबर त्याच तुळईखाली बसणार आहे.

पाच वाजता हॉलला कुलूप घातलं. सही मागे घेतल्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मग आईला फोन करून सगळं सांगितलं.

"मंग आमी बाहेर अंगणात बसू," ती म्हणाली. "तू भिऊ नको."

भ्यालेच आहे. उद्या साहेब किल्ली मागतील. नाही म्हणायचं, एवढंच ठरवलंय.