मोठ्या आवाजाची करवत

चंदीगड, ६ मार्च १९८८

ती. दादांस,
रघुनाथचा सा. नमस्कार वि. वि.

इकडे ठीक. अंधार पडायच्या आत सगळे घरी येतो. एक सल्ला हवाय. घरच्या सुतारकामासाठी गोल पात्याची टेबल-करवत घेतोय. बदली झाली तर उचलून नेता यावी अशी. जवळच्या मनीमाजरा गावातल्या एका दुकानात दोन पाहिल्या. एक हलकी, पाय दुमडणारी. दुसरी बिडाची, दोघांनी उचलायची. तुम्ही शाळेत जन्मभर सुतारकाम शिकवलंत, कोणती घेऊ? जिचा आवाज मोठा ती घ्यावी, असं मला वाटतं.

लोभ आटू देऊ नये.
आपला, रघुनाथ

सांगली, १५ मार्च

चि. रघुनाथ यास अनेक आशीर्वाद.

हलकी घे, पण दुकानातच चालवून बघ. टेबल थरथरलं तर नको. कडेची पट्टी पात्याला समांतर हवी, नाहीतर लाकूड अंगावर उडतं. पात्यावरचं झाकण कधीही काढू नकोस. मात्र मोठा आवाज मागणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही. खिळ्याऐवजी अंगठा ठोकणारा तू, एकाएकी हे काय काढलंस?

चि. सौ. प्रतिमाला आशीर्वाद. असाच लिहीत जा.
श्यामकांत

चंदीगड, २४ मार्च

ती. दादांस,
सौ. प्रतिमाचा सा. न.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. आमच्या व्हरांड्यात मोहालीचे निरंजनसिंग मिस्त्री कपाट करत होते. फेब्रुवारीत हे आणि मिस्त्री लाकूड आणायला बसनं निघाले. वाटेत बंदूकवाल्यांनी बस अडवली आणि हिंदूंना उतरायला सांगितलं. मिस्त्रींनी यांचा हात धरला, हा माझा माणूस आहे, उतरणार नाही, म्हणाले. बंदूकवाल्यांनी मिस्त्रींनाच गोळी घातली. मागून फौजेची गाडी आली म्हणून बाकीचे वाचले. “शेवटपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही,” एवढंच हे सांगतात.

कपाट अर्धंच आहे. यांना दुपारी व्हरांड्यातून हातकरवतीचा आवाज येतो. तो बुडवायला मशीन हवंय. दादा, परवा तो आवाज मलाही आला.

आमच्यावर माया असू द्या.
प्रतिमा

चंदीगड, १० एप्रिल

ती. दादांस,
सा. नमस्कार वि. वि.

प्रतिमानं तुम्हाला सगळं लिहिल्याचं मला सांगितलं. हलकी करवत घेतली. टेबल थरथरत नाही, पट्टीही सरळ आहे. पहिली फळी कापली, बटण बंद केलं, आणि व्हरांड्यात पुन्हा तोच आवाज सुरू झाला.

काल मिस्त्रींची हत्यारांची पेटी घेऊन मोहालीला गेलो. त्यांच्या बायकोनं विचारलं, त्यांचा हात शेवटी तुमच्या हातात होता ना? सगळ्यांना सांगत होतो तेच तोंडाशी आलं होतं. पण खरं सांगितलं. बंदूक रोखल्यावर मी हात झटकून सीटखाली शिरलो होतो. गोळी त्यानंतर सुटली.

तिनं पेटीवर हात ठेवला. मग म्हणाली, “डर तो उनको भी लगता था, जी.”

उठायला लागलो तर म्हणाली, जेवल्याशिवाय जायचं नाही. तिनं वाढलं. मी जेवलो, दादा.

आपला,
रघुनाथ