ऋतुजाचा बॉल अडवला

आई,

शिमल्यावरनं तुझ्या लेकीचा जयभीम. थंडी हाय, पण जेवण पोटभर मिळतंय. तुझा गुडघा कसा हाय?

कॉलेजच्या गोल्फच्या टीमात माझं नाव न्हाई आलं. खेळायला हैदराबादला जायचं व्हतं, तिथनं दोन दिवस घरी कमठाण्याला येणार व्हते, ते बी राहिलं. तू मावशीला सांगून बसलीस का?

इथलं गोल्फचं मैदान सगळं डोंगरावरच हाय. निवडीच्या दिवशी, शेवटच्या होलला, माझ्यासंगं खेळणाऱ्या ऋतुजाचा बॉल दरीकडं घरंगळायला लागला. आपल्या गल्लीत विहिरीकडं चाललेला बॉल जवळचा माणूस अडवतोच, टीम कुणाची का असंना. तसाच माझा पाय आडवा गेला.

ऋतुजा उदगीरची. "कामून अडवलीस गं येडे!" म्हणून वरडली.

गोल्फात कमी मारात बॉल होलात घालून जिंकायचं असतंय. दुसऱ्याचा बॉल अडवला म्हणून माझे दोन मार वाढवले, अन् एका मारानं मी मागं पडले. अन् मी अडवला नसता तर दरीत गेला असता म्हणून तिचा बॉल बी शेवटी दरीतच गेला असं धरलं.

धाकट्या बुद्धरत्नला म्हणावं, हसू नको.

सर म्हणतेत, दुसऱ्याचा बॉल जाऊ द्यायचा, बघत उभं राहायचं. तेच शिकायलेय आई, अजून जमंना.

तुझीच,
ज्योत्स्ना